खाडाखोडीचा नियम

चौतीस वर्षं पतपेढीत काढली,
म्हणून पक्ष्यांची वहीसुद्धा मी खतावणीचीच आणली,
लाल पुठ्ठ्याची, शहापूरच्या बाजारातून.
तारीख, तपशील, जमा, नावे.
जमेला आकडे: साळुंक्या नऊ, तांबट एक (नुसता आवाज).
'नावे'खाली नावं.
हा विनोद आमच्या मॅनेजरना कळला नसता.

व्हॅक्सिन डेपोत सकाळी सहाला असं धुकं
की चालायला येणाऱ्यांचे आधी बूट दिसतात,
मग माणसं.
"काय बघूलालाय वर?" कोणीतरी विचारतं
आणि उत्तराआधी पुढे जातं.
थांबतो तो ईरप्पा, मुत्नाळचा,
खराट्यावर हनुवटी टेकून.
त्याला वहीतलं माझं अक्षर वाचता येत नाही,
मला त्याचं.

भारद्वाज दिसला की माझे हात आपोआप जुळतात.
तो म्हणतो, केंबूत री अक्का,
आणि पालापाचोळा ओढत राहतो,
जणू भूत निघालं तर निघालं, झाडणं थांबत नाही.
त्या दिवशी मी दोन्ही नावं लिहिली,
एकाखाली एक. जमा मात्र एकच.

मग डिसेंबरात ती आली.
उंबराच्या आतल्या फांदीवर, तपकिरी,
अंगभर पांढरे ठिपके,
जसं कुणी ओली चुन्याची बोटं झटकली असावीत.
ओरडणं नाही, गाणं नाही.
पुस्तक उघडलं, पानं उलटली,
आणि ठामपणे लिहिलं: ससाण्याचं पिल्लू.
ईरप्पा वर न बघताच म्हणाला,
"हेण्णु कोगिले री अदु."
कोकिळा आहे म्हणे.
मी हसले. अहो, कोकिळा काळी असते.
त्यानं वाद घातला नाही. वाद घालायला पगार मिळत नाही, म्हणाला,
तेही कानडीत, त्यामुळे मला अर्धंच कळलं.

अकरा आठवडे मी तिला ससाणा लिहीत राहिले.
ससाणा एक. ससाणा एक. ससाणा नाही.
बाजूला शेरा: उंबरं खाताना आढळला.
ससाणा, उंबरं खाताना!
अशी नोंद माझ्या हाताखालच्या पोरीनं केली असती
तर तिला मी दुपारचा चहा पिऊ दिला नसता.

होळीच्या आधल्या दिवशी धुकं नव्हतं.
निलगिरीवरून एक काळा, लाल डोळ्यांचा सुटला
तो थेट उंबरात, कुऊ कुऊ करत तिच्या मागे,
आणि ती किक् किक् किक् ओरडत
माझ्या डोक्यावरून गेली, ठिपक्यांसकट.

म्हणजे गाणारा तो.
जन्मभर 'कोकिळा गाते' म्हणत आले,
आणि खरी कोकिळा समोर येऊन बसली
तेव्हा तिला ओळखपत्र मागितलं.

पतपेढीत खाडाखोडीचा नियम होता:
रबर नाही, पांढरी शाई नाही,
चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे,
बाजूला सही, शेजारी साक्षीदाराची.
मी अकरा पानांवर रेघा ओढल्या.
वर लिहिलं: कोकिळा. त्याच्या खाली: हेण्णु कोगिले.
सही केली, मा. अनगोळकर,
आणि वही ईरप्पापुढे धरली.

त्यानं हात आधी पँटला पुसले.
मग पेन उलटसुलट बघून
एक गोल कानडी 'ई' काढली,
अकराही ठिकाणी, प्रत्येक वेळी थोडी वेगळी.
"माझ्या नावे किती मांडलं, अक्का?"
तुमच्या नाही हो. माझ्या.
तो हसला की खोकला, कळलं नाही.

वरून अर्धं खाल्लेलं उंबर
बरोबर वहीत पडलं.
तांबूस डाग आहे अजून, बिया चिकटलेल्या.
त्यावर रेघ ओढलेली नाही.