वीस मिनिटं दोन सेकंद

निशिगंधा ढवारे मोबाइल पुढे करते,
म्हणते, काका, ह्याची रंगीत प्रिंट द्या,
क्रीडा कोट्याच्या फाइलीला लावायचीय.

कळंबला तहसीलसमोर भाच्याचं झेरॉक्सचं दुकान.
दुपारी तो जेवायला गेला की गल्ल्यावर मी.
त्याआधी एकतीस वर्षं लातुरात, एका दैनिकात,
मुद्रितशोधक.
हा शब्द आता भाच्यालाही फोड करून सांगावा लागतो.

प्रिंट कोमट बाहेर येते
आणि हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो.

मथळा : कळंबच्या लेकीची तुफान फटकेबाजी.
खो-खोत फटके?
पहिली ओळ : यवतमाळ जिल्ह्यातील कळंब.
अहो, मांजरा कुठं, यवतमाळ कुठं.
मग निशिगंधा ढवळे.
मग तीन गडी बाद करून तिनं ‘तीन धावा’ काढल्या.
फोटोत भलतीच पोर, हातात हॉकीची काठी.
आणि शेवटी : २०.२ मिनिटे नाबाद संरक्षण.

डावच नऊ मिनिटांचा असतोय, ती म्हणते.
दोन मिनिटं वीस सेकंद पळाले मी.
ढवळे तर ढवळे, शाळेतबी म्हणायचे.
पण हे वीस मिनिटं कामून लिहिलं?
पोरी हसायल्यात मैदानावर,
म्हणतात, मधी चहा पिऊन आली आसंल.
मपलं दोन-वीस मला पुरं होतं.

दोनदा मेल केला म्हणे तिनं.
उत्तर मिनिटाच्या आत :
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
तोवर आणखी चार ठिकाणी तीच बातमी,
ढवळेसकट, काठीसकट.
एकानं पदरचा शब्द घातला : ‘विक्रमी’.

मी हसत नाही. मला तो हक्क नाही.

ब्याऐंशी साली परांड्याच्या कुस्त्यांचा निकाल
माझ्या हातून उलटा गेला होता.
खिळे जुळवणारा पेंगत होता, मीही.
दुसऱ्या दिवशी बब्रुवान खोसे पहिल्या एसटीनं आला,
टेबलासमोर उभा राहिला,
सदरा काढला, वळला,
म्हणाला, बघा, कुठं माती लागलीय पाठीला.

अख्खं ऑफिस त्याची पाठ बघत होतं.
चहावाला पोऱ्यासुद्धा.

शुद्धिपत्र सहाव्या पानावर, तुरीच्या भावाखाली,
दोन ओळींचं.
ते मी चारदा वाचलं,
अनुस्वार बोटानं चाचपून.
दोनच ओळी. पण होत्या.

हिनं कुठल्या टेबलासमोर उभं राहायचं?

मी लाल पेन काढतो.
ढवळे काटतो, समासात ढवारे.
यवतमाळ काटतो, धाराशिव.
धावांना काट, फटक्यांना काट.
वीसच्या पोटाखालून बाण काढून
दोनाला पुढे आणतो, वीसला मागे.
फोटोवर चौकट : ही ती नव्हे.
खाली सही, तारीख. जुनी खोड.

टेबलावर तिचा मोबाइल उजळतो.
त्यात ढवळे जिथल्या तिथं, वीस मिनिटं पळतेच आहे.

दुसरी कोरी काढून देतो, म्हणालो,
ही खराब केली मी.

नको, ती म्हणाली, हीच लॅमिनेट करा.
लालसकट.

साहेब विचारतील.
विचारू द्या की.

यंत्र तापायला वेळ लावतं.
ती दारात उभी राहून एका पायानं
उंबऱ्याबाहेरची धूळ सारखी करत होती,
खांबाला वळसा घालायच्या आधी करतात तशी.
कागद आत गेला, चकचकीत होऊन आला,
सहीवर एक बुडबुडा राहिला.

किती झाले?
वीस रुपये.

ती पाकिटात बोटं घालून थांबली.
वीस का दोन-वीस, काका?
नीट बघून सांगा.