हाताचं माप

नगरपालिकेने तीन कोंबड्या दिल्या
एका कागदावर सही घेऊन:
दोन वर्षं कापणार नाही, विकणार नाही.
खिडकीतल्या मुलीला मी म्हटलं, बाळ,
मला आता चीज कापायचं तरी जड जातं.

आमच्याकडे कचऱ्याची गाडी किलोवर पैसे घेते.
ओडिलॉन गेला त्या महिन्यात बिल वाढून आलं.
माणूस कमी झालं आणि कचरा वाढला.
हिशोब बरोबर होता, मी दोनदा तपासला.

कारण बटाटे.
पातेल्यावर हात गेला की आठ पडायचे.
पाच त्याचे, तीन माझे.
मुलं घरात होती तेव्हा चौदा,
चौदावरून आठावर यायला मला दोन हिवाळे लागले होते.
हाताचं माप असतं ते,
डोक्याला विचारून चालत नाही.

कोंबड्यांना नावं ठेवली त्याच्या बहिणींची:
झुल्मा, इर्मा, आल्फोन्सीन.
त्याही अशाच यायच्या रविवारी कॉफीच्या वेळेला,
मान पुढे, डोळा तिरका,
आधी ताटलीत काय आहे ते बघायच्या
आणि मग, मी कशी आहे ते.

पत्रकात लिहिलंय काय द्यायचं नाही:
हिरवट बटाट्याची सालं, अव्होकाडो,
कच्चा राजमा, बुरशीचा पाव, खारट काहीही.
बाकी सगळं चालतं.
लीकची हिरवी पानं, चिकोरीचे कडू बुडखे,
रश्शात भिजवलेला पावाचा कडा.
शिंपले ओव्हनमध्ये भाजून, लाटण्याने ठेचून;
त्याने अंड्याचं कवच घट्ट होतं म्हणे.
शुक्रवारी मागच्या पायरीवर बसून कोळंबी सोलते,
डोकी त्यांना.
इर्मा एक उचलते आणि सुटते कुंपणाच्या कडेने,
दोघी तिच्या मागे,
पायाशी ढीग पडलेला असतो तिघींना पुरून उरेल असा
तरी हवं असतं तेच, जे तिच्या चोचीत आहे.
सासूबाईंचं मृत्युपत्र वाचलं त्या दिवशी
मी हेच पाहिलं होतं, याच बायकांत.

केशर घातलेली तांदळाची खीर
त्याच्या वाढदिवसाला केली. सवयच.
आल्फोन्सीनची चोच संध्याकाळपर्यंत पिवळी होती.

मग ऑक्टोबर.
शेल्डवरून धुकं आलेलं, मी पातेल्यात पाहिलं
तर तीन बटाटे.
मी मोजले नव्हते. हाताने आपापलं ठरवलं होतं
मला न सांगता.
किती वेळ नळ चालू होता कोण जाणे.

बाहेर जाळीशी तिघी उभ्या,
एक पाय वर घेतलेला, थंडीमुळे.
सालं होती, दिली.
सालं चघळून त्या पुन्हा जाळीशी.

मी तळघरात गेले, पाच बटाटे आणले,
वेगळ्या पातेल्यात ठेवले, मीठ न घालता.
हे शिळं नाही, उरलेलं नाही,
हे कुणाला सांगण्यासारखंही नाही.
ओडिलॉनला मिठाशिवाय बटाटा घशाखाली उतरत नसे.

वसंतात नगरपालिकेचा पोरगा आला,
योर्बेन नाव, कानात बाळी, हातात वजनकाटा.
डबा टांगला, आकडा पाहिला, पुन्हा टांगला.
"एकट्या घरात एवढा कमी कचरा
गल्लीत कुणाचाच नाही," तो म्हणाला,
आणि मग अंगणात पाहिलं,
त्या तीन गलेलठ्ठ नणंदांकडे.
"या खातात तरी काय?"

आल्फोन्सीन त्याच्या बुटाची नाडी ओढत होती
अळी समजून.

"उरलंसुरलं," मी म्हटलं.

त्याने तेच लिहून घेतलं रकान्यात,
खाली माझी सही घेतली.
कोंबड्यांच्या कागदावरची ही दुसरी सही.
पहिली खरी होती.

चार अंडी दिली त्याला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
जाळीचं दार नीट लाव म्हटलं.
नाही लावलं त्याने.