वरची खोली, दत्त नगर

पाणी पाच दिवसांनी येतं, न्किरुका,
आणि येतं ते रात्री अडीचला.
बॅरल भर, दोन्ही घागरी भर, तांब्यासुद्धा.
झाकण लाव, डास होतात.
कुणी विचारलं, एकटीला एवढं पाणी कशाला,
तर म्हण, चिलवेरीबाईंनी सांगितलंय.
माझं नाव या गल्लीत चालतं,
तुझं चालेपर्यंत तेच वापर.

आयुक्तालयात चौदा दिवसांच्या आत जायचं.
पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र,
सगळ्याच्या चार चार झेरॉक्स. साहेब पाचवी मागेल.
फोटो पांढऱ्या भिंतीपुढे हवा,
माझ्या जिन्यातली चालेल, दिवाळीला चुना दिलाय.
घरमालकाचा फॉर्म मी भरते,
सही तेलुगूत करते. कुरकुरले तर कुरकुरू दे,
चाळीस वर्षं बँक तीच सही घेते.
शिक्का मागून घे. बिनशिक्क्याचा कागद
शेंगा बांधायच्या कामाचा.

मीटरचा आकडा आजच वहीत लिही, माझ्यासमोर.
माझ्यावर विश्वास ठेवू नको, आकड्यावर ठेव.
आणि तुझ्या खात्यात दुसऱ्याचे पैसे
घ्यायचे नाहीत,
तो तुझ्याच गावचा असला,
तुझ्याच भाषेत रडला, तरी.

मे महिन्यात अकरा ते पाच बाहेर पडू नको.
म्हणशील, एनुगूतही ऊन असतं.
असेल. ते अंगावरून घामानं उतरत असेल,
इथलं हाडात मुक्काम करतं.
पर्समध्ये कांदा ठेव. हसू नको.

भेंडी मंगळवार बाजारात.
ते तुझं लाल तेल मिळायचं नाही, शोधत हिंडू नको.
परवा शेंगा चटणी बोटावर घेतलीस
आणि डोळे मिटलेस.
म्हणालीस, भाजलेल्या मटणाला आमच्याकडे
असंच काही लावतात, रस्त्यावर, संध्याकाळी.
मग बराच वेळ बोलली नाहीस.
चटणी अर्धा किलो घेत जा.

इथे रिक्षावाला तेलुगूत शिवी देतो,
कन्नडात हिशोब करतो,
मराठीत म्हणतो, पुढं सरका.
तुझी आणखी एक भाषा आली
म्हणून कुणाच्या तोंडातली जागा कमी होत नाही.
‘बे’ ऐकून दचकू नको,
इथे मायेतही बे, मारामारीतही बे.
पोरं केसांना हात लावतील.
एकदा लावू दे. दुसऱ्यांदा मनगट धर.
फोटो मागतील. ‘नको’ म्हणायला शिक,
मराठीतला सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ शब्द.

एक राहिलं.
जूनमध्ये तू दारात उभी होतीस, पाठीला बॅग,
आणि मी म्हणाले, खोली गेली.
गेली नव्हती. कुलूपसुद्धा नव्हतं तिला.
तू वर बघितलंस, खिडकी सताड उघडी,
आणि ‘थँक यू, मम्मी’ म्हणून वळलीस.

माझा आजा करीमनगराकडून चालत आला,
गिरणीच्या भोंग्याचा आवाज धरून.
त्यालाही सात दारांतून खोली गेलेली.
आठव्या दारातल्या बाईचं नाव
आमच्या घरात अजून घेतात,
आधीच्या सातांची कुणाला माहीत नाहीत.
म्हणून मी कोपऱ्यापर्यंत तुझ्यामागे पळाले,
असं मी शेजारी सांगते.
खरं म्हणजे तू वळलीस तेव्हा
तुझ्या चपलेचा अंगठा तुटलेला दिसला.
आजा-बिजा नंतर आठवला.

न्किरुका म्हणजे पुढचं मोठं असतं,
तू सांगितलंस. बघू.
आधी ही चादर घे, काठाला धागा चुकलाय
म्हणून दुकानात गेली नाही, ऊब तेवढीच.

आज रात्री पाणी आहे.
अडीचला दार वाजवीन, हाक मारीन.
नाव अजून जिभेवर नीट बसत नाही माझ्या,
अर्धंच आलं तरी
ओ दे.