शेवटचा रकाना

निपाणीच्या आमच्या देवळात
विधवा फंडाची वही माझ्याकडे असते.
नगरपालिकेच्या शाळेत सत्तावीस वर्षं हजेरी मांडली,
म्हणून पंचांना वाटलं, सरांना रकाने जमतील.

रकाने असे: नाव. वय, साठीच्या वर.
मुलगा आहे का, नातू आहे का.
लेकरं नीट वाढवली का.
आणि पाळकसाहेबांनी प्रेषिताच्या पत्रातून उचललेला शेवटचा:
पवित्र जनांचे पाय धुतले का.
मीटिंगमध्ये कुणी हसलं नाही.
शांतवन सौंदलगे एवढंच म्हणाले,
"होय-नाही ठेवा. जागा कमी आहे."

महिन्याला सातशे रुपये, पाच किलो तांदूळ,
नाताळात लुगडं.
नावं अकरा. अकराही साडेआठच्या मराठी उपासनेतली.
कानडी उपासना साडेदहाला असते.
त्यांची वही वेगळी असेल, असं आम्हांला वाटायचं.
त्यांना वाटायचं, वही एकच आहे.

तंगेव्वाचं नाव तीनदा आलं,
तीनदा मीच खोडलं.
आधी वय: अठ्ठावन्न, आधारकार्डावर,
तेही लिहिणाऱ्यानं तोंडाकडे बघून लिहिलेलं.
मग मुलगा: आहे, फोंड्याला, गवंड्याच्या हाताखाली.
असून नसल्यासारखा, हे लिहायला रकाना नव्हता.
तिसऱ्यांदा शेवटच्या रकान्यापाशी अडलो.
माहीत नव्हतं, म्हणून 'नाही' लिहिलं.

पंच म्हणाले, एकदा घर बघून या.

तंबाखूच्या वखारीमागची गल्ली,
जिथं पाहुणा शिंकतच दारात येतो.
मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं,
बोटं तपकिरी.
"बर्री सर, कूड्री," म्हणाली, मग मराठीत,
"थांबा की वो. पाय धुवा आधी, उन्हातनं आलायसा."
तांब्याला मी हात पुढे केला,
तिनं तो दिला नाही.
वाकून स्वतःच पाणी ओतलं, आधी उजव्यावर, मग डाव्यावर,
चपलेच्या पट्ट्याखालची माती अंगठ्यानं काढली.
मी मागं सरलो तर म्हणाली,
"शाळेतनं आल्यावर आई धूत नव्हती व्हय?"

माझी आई.
बाप गेला तेव्हा एकोणतीस वर्षांची,
कुठल्याच यादीत न बसणारी.
हजार विड्यांच्या हिशेबानं तिनं मला मास्तर केलं.
देवळातून आम्हांला आलं
सांत्वनाचं एक पत्र, फार सुंदर अक्षरातलं.

पहिल्या मंडळीतही असंच झालं होतं.
दोन भाषा, एक पंगत.
वाढणारे हात एकाच बाजूनं जायचे,
काही बायांची ताटं तशीच राहायची.
कुरकुर झाली, मग सात जण नेमले.
रविवारच्या मुलांकडून ती नावं मी किती वर्षं घोकून घेतली!
ओल्या पायांनी तिच्या पोत्यावर बसलो तेव्हा उमगलं,
सातही नावं
रिकाम्या ताटांच्या भाषेतली होती.

वही पिशवीतच राहिली.
काळा चहा देत तिनं विचारलं,
"नागव्वा हाय का त्यात? तिला दिसत नाही.
आणि वखारीतली मरियव्वा?"
अशी सहा नावं सांगितली, बोटं मोडत.
मग सातवं:
"माझं बी घाला. खोटं कशाला बोलू, मला पायजेच."

शनिवारी मीटिंग आहे.
वही यापुढं साडेदहाच्या प्रेमव्वा हादिमनींकडे द्यावी,
असा अर्ज मी लिहिलाय, दोन्ही भाषांत,
कानडीतल्या चुकांसकट.
वयाचा रकाना उभा खोडलाय.
शेवटचा तसाच ठेवला,
फक्त त्याचं शीर्षक बदललं:
हिचे पाय कुणी धुतले?

अकरा नावांपुढे कोरं आहे.
नव्या सातांपुढेही.
सौंदलगे बघतील, चष्मा वर करतील, म्हणतील,
जागा कमी आहे.