कलम सात, उपकलम क

परिपत्रक आलं सोमवारी, सव्वीस पानांचं.
बेथेलच्या टॉवरमध्ये त्या दिवशी हीटर बंद होता.
लॉर्नाने हातमोजे घालूनच वाचून दाखवलं:
'यापुढे प्रत्येक विमानाने दर सेकंदाला
आपली जागा, उंची, वेग आणि ओळख
स्वतःहून जाहीर करीत राहावे.
मार्ग सोडल्यास कारण नोंदवावे.
कारणाविना मार्ग सोडता येणार नाही.'

तोवर एफिमला आम्ही ऐकूनच ओळखायचो.
त्याचं जुनं सेसना, एक दार तारेने बांधलेलं,
या सपाट मुलखातही
रडारच्या खालून निघून जायचं,
आणि तासाभराने रेडिओ खरखरायचा:
'आलो. टपाल आहे, दोन म्हाताऱ्या आहेत, एक कुत्रं.'
हीच त्याची ओळख, वेग आणि उंची.

मग त्याच्या विमानात सरकारी डबी बसली.
पडद्यावर पहिल्यांदाच उमटला तो:
हिरवा ठिपका, शेजारी पाच आकडे.
आणि गुरुवारी,
कुस्कोक्विम नदी जिथे कोपरासारखी दुमडते तिथे
ठिपका सरळ जाता जाता अडखळला,
डावीकडे कलला,
एक फेरा. दुसरा. तिसरा.
मग काहीच न झाल्यासारखा पुन्हा रेषेवर.

पुढच्या गुरुवारीही.
त्याच्या पुढच्याही.

किती वर्षं घालत असेल हे तीन फेरे,
आणि आम्ही इथे डोळ्यांत तेल घालून बसलेले!
मी कुणाला विचारलं नाही. इथे विचारावं लागत नाही.
दुकानात कॉफी ओतता ओतता मॅट्रोनाच म्हणाली,
'त्या वळणावर बर्फ लवकर पातळ होतो.
पोरगा स्नोमोबाइल घेऊन निघाला होता त्याचा,
बापाच्या इंजिनाचा कसलासा सुटा भाग आणायला.'
आणि साखर पुढे सरकवली.

महिनाअखेर यंत्राने यादी काढली:
मार्गभंग – चार. कारण – रिक्त.
रिक्त ठेवायची मुभा नाही,
कलम सात, उपकलम क.

मी खिडकीतून पाहिलं.
आभाळ घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं,
चाळीस मैलांवरचे डोंगर
बोटांनी मोजता येत होते.

मी लिहिलं: हवामान.
चारही रकान्यांत, हवामान.
लॉर्नाने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा कागदाकडे,
आणि खाली सही केली.
पेनातली शाई गोठली होती,
म्हणून दोनदा.