काच

नेस्ता गाडीचं मागचं दार उघडते
आणि तेरो दोन पावलं मागे सरतो.
तेरो म्हणजे पातागोनियातली टिटवी.
पिल्लू असताना हा इतका कलकलाट करायचा
की दुसरं नाव सुचायला उसंतच मिळाली नाही.

पट्टा तिनं घरीच शिवलाय,
खोगिराच्या जुन्या तंगातून.
छातीवर रुंद, बगलांत मेंढीच्या लोकरीचं अस्तर,
गळ्याला काही नाही.
'गळ्याला बांधायचं नसतं,' ती त्याला सांगते,
जसं काही त्यानंच विचारलं होतं.
तो कडी चाटतो. चामड्यात अजून घोडा आहे.

आधी तिनं बटाट्याचं पोतं बांधून पाहिलं,
वीस किलोचं, तेरोच्या वजनाचं.
अंगणात गाडी पळवली, कचकन ब्रेक दाबला.
कोंबड्या छपरावर. पोतं जागच्या जागी.
शेजारचा रुपेर्तो कुंपणाशी येऊन म्हणाला,
'बाई, बटाटे पळून जातात का हो तुमचे?'
तिनं आणखी एक चक्कर मारली. जरा जोरात.

एवारिस्तो हे सगळं खिडकीतून बघत होता.
बोलला नाही.

चिस्पा पुढे बसायची. बसायची कसली, उभी असायची,
पुढचे पंजे डॅशबोर्डवर, कान वाऱ्यात.
पेट्रोल पंपावर हा सांगायचा, 'गाडी ती चालवते,
मी नुसतं चाक धरतो.'
पोरं हसायची, तिला बिस्किटं द्यायची.
एस्केलच्या रस्त्यावर, खडीच्या टप्प्यात,
कुंपणाच्या तारेवरून ग्वानाको आला,
उंटाचा तो लांबचा, बिनकुबडाचा भाऊ,
आणि मधोमध थांबला, आपल्याच अंगणात असल्यासारखा.
गाडी थांबली.
चिस्पा थांबली नाही.

ग्वानाको गेला निघून. त्याचं काय.
तडकलेली काच एवारिस्तोनं दोन हिवाळे बदलली नाही.
संध्याकाळी तिच्यातून सूर्य दोनदा मावळायचा.
मग एक दिवस त्यानं किल्ली
फडताळात साखरेच्या डब्यामागे ठेवली.
तेव्हापासून गाडी नेस्ताच चालवते.

आपल्या भाषेत काच दोन आहेत.
एक ती: समोरची, आरपार दिसणारी,
आहे हे आपटल्यावरच कळणारी.
एक तो: पट्ट्याचा, कातडीला होणारा.
ती चुकवायची तर तो थोडा सोसावा लागतो.
नेस्ताला आपली भाषा येत नाही.
तिनं लोकर लावली.

आज तेरोची लस आहे. वारा असा
की दार दोन्ही हातांनी धरावं.
एवारिस्तो येतो, टोपी खिशात कोंबून,
वाकतो, पट्ट्याखाली बोटं सरकवून बघतो.
दोन जातात. तिसरं जात नाही.
'बरोबर आहे,' म्हणतो.
किल्ली ठेवल्यापासून गाडीविषयी
त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

तेरो खिडकीकडे झेपावतो, पट्टा त्याला अडवतो,
आणि तो नेस्ताकडे असा बघतो
जसा तिनं केसानं त्याचा गळा कापलाय.
मग अर्धी गिरकी, दोन जांभया,
पाचव्या किलोमीटरला घोरणं.

पुढच्या सीटवर एवारिस्तो ताठ.
स्वतःचा पट्टा लावलाय, तो त्यालाही काचतोय.
खडी सुरू होते तसा त्याचा डावा हात
दोन सीटांच्या फटीतून मागे जातो,
कुत्र्याच्या छातीपुढे, आडवा,
आणि एस्केल येईपर्यंत तिथेच राहतो.
हाताला मुंग्या येतात.
रस्त्यात कुणीच आडवं येत नाही.