खुंट

दाराबाहेर जागा आहे चार फूट बाय नऊ.
शालन म्हणाली, स्कूटर राहिली असती इथं.
मी फरशा उखडल्या. खाली निघालं
म्हाडानं पुरलेलं रॅबिट,
अर्ध्या विटा, शिंपले, कुणाची तरी एक चप्पल,
आणि त्याही खाली चारकोपची मूळची माती,
जिभेला लावली तर खारट.
(लावली होती. शालनला सांगितलं नाही.)

नवरात्रात गोराईच्या नर्सरीतून आणली बारा रोपं,
पिशवीतली, वीतभर.
रामसजीवन म्हणाला, काका, ही उंच होणार नाहीत,
गुडघ्याखालीच राहतील, पण भरगच्च.
अख्खा वाफा एका रंगाचा करून टाकतील.
कुठला रंग, विचारलं,
तर त्यानं ओठ वर करून
बोट लावलं स्वतःच्या हिरडीला.

एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले,
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारून:
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
सवय जात नाही. वही घातली.
रोप तीन: कळ्या चार, काल दोन.
रोप सात: मावा. कडुलिंबाचं तेल, साबणाचं पाणी.
रोप अकरा: मांजर.
कोळंबीची सालं मी पुरायची, तिनं उकरायची,
मधल्या मध्ये रोपाला विचारलंच नाही कुणी.

शेजारच्या नाईकांचा एसी
दुपारभर गरम श्वास सोडतो पाचव्यावर.
फुललं मात्र तेच, सगळ्यांच्या आधी,
सगळ्यांत फिकं.

आणि दहावं.
बाकीची गुडघ्याखाली, सांगितल्याप्रमाणे,
हे कमरेला आलं, संक्रांतीपर्यंत छातीला.
एक सरळ हिरवीगार काठी,
कीड नाही, पानावर एक ठिपका नाही.
फूलही नाही, पण म्हटलं येईल,
एवढा जोम उगीच नसतो कुणात.
मी त्याला तांब्याभर पाणी जास्त घालायचो.
वहीत लिहिलं: उत्तम. खाली दोन रेघा.

डाबरेमावशी चर्चहून परतताना थांबल्या.
माहेर वसईचं, फुलांच्या वाडीतलं.
उकिडव्या बसल्या, चष्मा कपाळावर सारला,
पानं मोजली बोटानं, एकेका देठाची.
पाच. पाच. पाच.
मग माझ्या लाडक्याची. सात.

"हा तुमचा नाय. हा खालचा.
खुंट रानटी असतो, त्याच्यावर डोळा बांधतात गुलाबीचा.
तुमचा डोळा कधीच मेला.
तुम्ही खुंटाला पाणी घालताय."

मी काठी बाजूला वाकवून पाहिलं.
बुडाशी एक सुकलेलं टोक, काडेपेटीतल्या काडीएवढं,
नर्सरीची पट्टी अजून तशीच गुंडाळलेली.
तीन महिने मी रीडिंग घेत होतो
दुसऱ्याच कुणाच्या मीटरचं.

"वरून कापू नका, मुळापासून उपटा," म्हणाल्या.
"तसा बाकी अकरांच्या खाली पण हाच आहे.
तो गप बसलाय, म्हणून ती फुलतात."
आणि पदर झटकून गेल्या घरी.

संध्याकाळपर्यंत मी खुरपं घेऊन बसलो.
शालन चहा ठेवून गेली, कप न्यायला आली,
चहा तसाच.
"याला फूल येतं का?"
येत असेल, म्हटलं. येईपर्यंत कुणी ठेवत नाही.
ती थोडा वेळ बघत राहिली.
"मोरीच्या पाइपामागं लाव मग.
तिथं कुणाला दिसणार आहे?"

ढेकळासकट काढलं. बरंच खोल गेलं होतं,
आमच्या मातीच्या खाली, त्या खाऱ्या मातीत,
आणि तिथं छान रमलं होतं.

वाफ्यात आता अकरा. खरंच हिरडीचा रंग.
एक दात पडल्यासारखी फट आहे मध्ये,
तिथं मांजर बसतं.

वहीत दहाव्या ओळीत, लाल पेनानं:
मीटर बदलला.
मागील रीडिंग शून्य.